खरखरीतून उमटलेली पृथ्वी

१९७२ साली अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी टिपलेले पृथ्वीचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिले आहे. निळी, अखंड, निष्कलंक पृथ्वी! परंतु पाहणारा कोठे उभा आहे, हे असल्या चित्रातून उमगत नाही. कोठेही न राहता सर्व काही पाहिल्याच्या दाव्याला अमेरिकन विदुषी डॉना हॅरवे यांनी १९८८ च्या निबंधात देवपणाचे सोंग ठरविले होते.

सोफी डायर व सॅशा एंगेलमन या दोघींचा 'ओपन-वेदर' हा प्रकल्प म्हणजे या सोंगाला दिलेले उत्तर होय. अमेरिकेचे नोआ-१५, १८ व १९ हे हवामान-उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून ढगांची दृश्ये उघडपणे प्रक्षेपित करीत. हाताने बनविलेला अँटेना, स्वस्त रेडिओ-ग्राहक आणि संगणक एवढ्या सामग्रीवर ती कोणालाही टिपता येत. सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने ध्वनीचे चित्र होई. उपग्रह क्षितिजाआड जाईपर्यंत जेमतेम पंधरा मिनिटे मिळत.

मध्ये इमारत आली की चित्रात खरखरीचे पट्टे उमटतात. शास्त्रज्ञ ज्याला दोष म्हणतील, ते या दोघी जपतात. कारण ते पाहणाऱ्याची जागा सांगतात. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या वेळी निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी टिपलेली चित्रे त्यांनी एकत्र गुंफली व सोबत प्रत्येकाच्या अंगणातील हवेची टिपणेही घेतली. पुरुषांचीच मानली गेलेली रेडिओची हौस त्यांनी सर्वांसाठी खुली केली. यातच तिचे स्त्रीवादीपण आहे, असे आम्हास वाटते.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. अँटेना आपला असला तरी उपग्रह सरकारचाच. २०२५ च्या जून ते ऑगस्ट या काळात तिन्ही नोआ उपग्रह सेवेतून काढण्यात आले, तेव्हा या स्वातंत्र्याची मर्यादा उघड झाली. शिवाय असल्या चित्रांनी हवामानाचा अंदाज अधिक अचूक होत नाही. त्यांचे मोल साक्षीचे आहे.

हॅरवे यांचा शब्द श्रद्धावंतास प्रथमदर्शनी बोचेल. पण वाचकहो, आपला देव दूर उंचावरून पाहत राहिला काय? तो बेथलेहेमात जन्मला, नाझरेथच्या गल्ल्यांतून चालला, एका जागेवरून त्याने जग पाहिले. खरखरीसह आलेले ते अपुरे चित्र म्हणूनच आम्हास निष्कलंक छायाचित्राहून अधिक प्रामाणिक वाटते.