मानीदांची खेळणी

चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले की आपण म्हणतो, ‘आता छंद जोपासतात.’ चित्रं काढतात, लाकडात काही ना काही करत बसतात. बोलण्यात कौतुक असतं, पण ‘छंद’ म्हटल्यावर त्या कामाकडे नीट बघायची गरज उरत नाही. लाकडाच्या बाबतीत तर हे जास्तच होतं. चित्र निदान भिंतीवर लागतं, खेळणं पोरांच्या हातात जातं आणि विषय संपतो. के. जी. सुब्रमण्यन यांच्याबद्दल लिहितानाही हीच उतरंड दिसते. आधी चित्रकार, मग भित्तिचित्रकार, मग लेखक आणि शेवटी ‘त्यांनी खेळणीही केली’ असं एक वाक्य. माझ्या मते वाचन त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करायला हवं.

सुब्रमण्यन (1924–2016) मूळचे केरळचे. मद्रासला अर्थशास्त्र शिकत असताना ‘चले जाव’ आंदोलनात तुरुंगात गेले आणि 1944मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज हे त्यांचे गुरू. पुढे जवळजवळ सगळं आयुष्य शिकवण्यात गेलं. आधी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात आणि 1980पासून पुन्हा शांतिनिकेतनात. मधली 1959 ते 1961 ही वर्षं मुंबईत हातमाग मंडळावर गेली. विद्यार्थ्यांसाठी ते ‘मानीदा’ होते. 1989मध्ये ते निवृत्त झाले.

खेळणी आली ती बडोद्याच्या ‘फाइन आर्ट्स फेअर’साठी, 1960च्या दशकात. या जत्रेत विद्यार्थी आणि शिक्षक मिळून वस्तू करत आणि गावातल्या लोकांना विकत. म्हणजे वस्तू स्वस्त हवी, भराभर करता यायला हवी आणि तरी प्रत्येक वेगळी दिसायला हवी. मानीदांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. लाकडाचे मोजक्या आकारांचे तुकडे घ्यायचे आणि त्यांना मणी, चामडं असं काहीबाही जोडायचं. धड तेच, पण कान बदलले की प्राणी बदलतो. मान थोडी वाकवली की त्याचा स्वभावही बदलतो. मुलांसाठी 1969मध्ये केलेल्या त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच असा आहे की, देवाने पहिल्यांदा प्राणी केले तेव्हा सगळे सारखेच केले. मला ते नाव खेळण्यांच्या कृतीसारखं वाटतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. भाग थोडे असतात, जोडण्याचे नियम थोडे असतात आणि त्यातून निघणाऱ्या शक्यता मोजता येत नाहीत.

ही रीत खेळण्यांपुरती राहिली नाही. लखनौच्या रवींद्रालयावर 1963मध्ये त्यांनी टागोरांच्या ‘राजा’ या नाटकावर मोठं भित्तिशिल्प केलं. ते भाजलेल्या मातीच्या सुट्या तुकड्यांतून उभं राहिलं आहे. नंतर ते काचेवर आणि अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर मागच्या बाजूने रंगवू लागले. या पद्धतीत क्रम उलटा असतो. डोळ्याची बाहुली आधी, चेहरा त्यानंतर आणि मागची भिंत सगळ्यांत शेवटी. कुठला भाग कुठल्या भागावर बसणार हे हात लावण्याआधीच ठरवावं लागतं, सुतार सांधा ठरवतो तसं. त्यांच्या चित्रांतली माणसं, माकडं, देव्या आणि मांजरं अशी जुळवल्यासारखी का दिसतात, याचं उत्तर मला या कारागिरीत सापडतं.

या रीतीची किंमतही आहे. सुटे भाग हाताशी तयार असले की जुळवणी सोपी होत जाते. उत्तरार्धातल्या अनेक लहान चित्रांत तीच खिडकी, तीच फुलदाणी, तीच बाई आणि तेच मांजर भेटतं. रेषा खेळकर असते, पण पणाला काहीच लागलेलं नसतं. जत्रेतली पन्नास खेळणी शेजारी शेजारी ठेवली तर त्यांची गंमत वाढते. पन्नास चित्रांचं तसं होत नाही, कारण प्रत्येक चित्र एकटं उभं राहू शकेल अशी आपली अपेक्षा असते. मानीदांचे चाहते या सहजतेला सरसकट प्रभुत्व म्हणतात. मला ते पटत नाही.

म्हणूनच निवृत्तीनंतरची मोठी कामं महत्त्वाची वाटतात. कलाभवनातल्या डिझाइन विभागाच्या इमारतीच्या भिंती त्यांनी फक्त काळ्या-पांढऱ्यात रंगवल्या आणि 2009मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, पुन्हा नव्याने रंगवल्या. सफाईदारपणा लपवायला तिथे रंगच नाही. त्यानंतर 2013मध्ये आलं ‘वॉर ऑफ द रेलिक्स’. नऊ फूट उंच, छत्तीस फूट लांब आणि तेही काळं-पांढरं. तेच सुटे अवयव, तेच अर्धे प्राणी आणि अर्धी माणसं, फक्त आता ते एकमेकांवर तुटून पडले आहेत. खेळण्यात कान बदलला की प्राणी बदलायचा आणि आपण हसायचो. इथे माणूस कुठे संपतो आणि श्वापद कुठे सुरू होतं हे कळत नाही आणि हसू येत नाही. धर्माधर्मांच्या भांडणांवर भाष्य करणारी चित्रं पुष्कळ आहेत. हे चित्र वेगळं ठरतं, कारण युद्ध करणारे सगळे एकाच ठोकळ्यातून निघालेले आहेत हे त्याच्या घडणीतच दिसतं. शेजारी सारखाच आहे आणि तरीही शत्रू आहे, हे सांगायला त्याला वेगळ्या घोषणेची गरज पडत नाही.

1960च्या दशकातली ती लाकडी खेळणी झाली नसती तर हे चित्र असं घडलं नसतं, असं मला वाटतं. त्यातली काही खेळणी आज प्रदर्शनांत काचेमागे दिसतात. जपायची म्हणजे ते बरोबरच आहे. पण ती उचलून, फिरवून, मान हलवून बघायला केली होती, हे त्यांच्यावर लिहिणाऱ्याने तरी विसरू नये. आणि ओळखीच्या एखाद्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या घरी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, तर ‘वेळ कसा जातो?’ असं विचारण्याआधी हा तुकडा त्या तुकड्यात कसा बसवलाय ते विचारावं. उत्तर देण्यासारखं त्यांच्याकडे बरंच असतं.