शवपेटीपाशी थांबलेला ग्रंथ

हिब्रू वाङ्मयातील ‘उत्पत्ती’ हा ग्रंथ आकाश व पृथ्वी यांच्या निर्मितीने सुरू होतो आणि एका शवपेटीपाशी येऊन थांबतो. मूळ पाठातील अखेरचा शब्द ‘मिसरात’ असा आहे. एवढ्या विशाल ग्रंथाचा हा शेवट पुष्कळांस अपुरा वाटतो. आमच्या मते तो त्यातील अत्यंत विचारपूर्वक साधलेला भाग होय.

पन्नासाव्या अध्यायात दोन मृत्यू आहेत. प्रथम याकोब मरण पावतो. त्याचा पुत्र योसेफ हा मिसरच्या राजाचा प्रमुख अधिकारी. तो वैद्यांकरवी पित्याच्या देहात मसाले भरवितो. त्यास ४० दिवस लागतात, आणि मिसरी लोक ७० दिवस शोक करतात. हे आकडे मिसरी रिवाजाशी जुळतात. हिरोडोटसनेही ७० दिवसांचाच उल्लेख केला आहे. नेट्रॉन नामक क्षारात देह सुकविण्यास त्यांपैकी सुमारे ४० दिवस जात, असे अभ्यासक मानतात. पुढे योसेफ ११०व्या वर्षी मरतो. मिसरी वाङ्मयात हेच पूर्णायुष्य मानले जाई. प्ताहहोतेपच्या उपदेशातही ते आढळते.

यावरून हिब्रूंनी मिसरी चाल उचलली, एवढे अनुमान काढून काही टीकाकार स्वस्थ बसतात. आम्हांस निवेदकाने काय गाळले हे अधिक बोलके वाटते. येथे ओसायरिस नाही, हृदयाची तुला नाही, मृतासाठी नैवेद्य नाही. मिसरात जे काम पुरोहितांचे, ते येथे वैद्यांकडे दिले आहे. देह टिकविण्याची विद्या घेतली. तिच्यामागील परलोक घेतला नाही. देह टिकवायचा तो केवळ प्रवासासाठी. अब्राहामाने ४०० शेकेल चांदी मोजून विकत घेतलेल्या हेब्रोनजवळच्या मकपेला गुहेत याकोबाला पूर्वजांशेजारी निजायचे आहे.

खडकात कोरलेल्या कुलगृहात प्रेत ठेवावे आणि कालांतराने अस्थी पूर्वजांच्या अस्थींत मिळवाव्यात, ही पुढील काळातील यहूदा प्रांताची चाल. ती मिसरी ममीहून अगदी निराळी. तरीही दोन्ही समाजांत एक धागा समान आहे. बाराव्या राजवंशाच्या काळातील सिनुहेची मिसरी कथा पाहावी. हा दरबारी मनुष्य पळून पूर्वेकडील परमुलखात जातो, तेथे वैभव मिळवितो. परंतु वार्धक्यात त्यास एकच चिंता जाळते, की आपला देह स्वदेशी पुरला जावा. राजाही त्यास परत बोलाविताना मिसरी अंत्यविधीचेच आश्वासन देतो. याकोब आणि सिनुहे यांच्या वाटा उलट दिशांच्या. ओढ मात्र एकच.

रूढी सीमा ओलांडतात, हे उत्खननांतूनही दिसते. गाझा भागातील देर अल-बलाह येथे ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकातील मिसरी धर्तीच्या मनुष्याकृती मातीच्या शवपेट्या सापडल्या. यरुशलेमजवळ सिल्वान येथील एका शिलासमाधीस मिसरी कंगोरा आहे, आणि लेख मात्र हिब्रू आहे.

निवेदकाची मार्मिकता एका लहान प्रसंगात दिसते. याकोबाची प्रेतयात्रा रथ व सरदारांसह कनानात पोहोचते. तेथील लोक सात दिवसांचा शोक पाहतात आणि म्हणतात की, हा मिसऱ्यांचा शोक आहे. त्या स्थळाचे नावही तसेच पडते. पित्याला मायभूमीत आणणारे पुत्र तेथील शेजाऱ्यांच्या दृष्टीस परके ठरतात! निवेदक यावर एक शब्दही बोलत नाही. दूर देशी चाकरी करणाऱ्यास हे मौन तत्काळ कळेल.

योसेफाला मात्र अशी यात्रा लाभत नाही. तो भावांकडून अस्थी नेण्याची शपथ घेतो, आणि त्याची पेटी मिसरातच राहते. मोशे त्या अस्थी बरोबर घेतो. शखेम येथे त्या पुरल्या जातात, ते थेट यहोशवाच्या ग्रंथाच्या अखेरीस. पेटीसाठी योजलेला ‘आरोन’ हा हिब्रू शब्दच पुढे कराराच्या कोशासाठी येतो. टोमास मान यांनी १९३३ ते १९४३ या काळात प्रकाशित केलेली योसेफावरील चार खंडांची कादंबरी याकोबाच्या दफनानंतर समेटावर संपते. तो शेवट अधिक सुखावह आहे. परंतु ज्या अधिकाऱ्याने परमुलखास दुष्काळातून वाचविले, त्याचेच ऋण अखेर फिटायचे राहिले, ही जाणीव त्यात उरत नाही. मूळ निवेदकाने ते ऋण पुढील पिढ्यांच्या खांद्यावर ठेवले. म्हणूनच ती पेटी बंद असूनही कथा बंद होत नाही.