राखाडी छाया आणि मंडलाची चौकट

काळ्या-राखाडी टॅटूत रंग का नसतात, असे विचारले तर बहुतेक जण अभिरुचीचे, संयमाचे कारण देतात. इतिहास मात्र टंचाईकडे बोट दाखवतो. ही शैली कॅलिफोर्नियातील तुरुंगांत, मेक्सिकन वंशाच्या चिकानो कैद्यांच्या हातून घडली. कॅसेट प्लेअरची मोटर, गिटारची तार आणि मिळेल ती काळी शाई, एवढेच साहित्य. एका सुईची बारीक रेषा आणि पातळ केलेल्या शाईच्या छटा ही त्या अडचणीची देणगी. १९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' उघडले. कोठडीत हात बसलेला फ्रेडी नेग्रेटे पुढे तेथे काम करू लागला आणि तुरुंगातली रीत दुकानात रुजली.

ग्वादालूपची माता, जोडलेले हात, गुलाब, हसरा आणि रडका मुखवटा या प्रतिमा त्या वस्तीला परक्या नव्हत्या. श्रद्धा, शोक आणि भोगलेला काळ त्यांतून वाचता येत असे.

आज याच छायेला भूमितीची जोड मिळते. अर्धा सिंह, अर्धे मंडल. घड्याळामागे षट्कोनांची जाळी. येथे दोन दृष्टी समोरासमोर येतात. छाया त्वचेत खोली असल्याचा भास निर्माण करते. आकृतिबंध त्वचा हा सपाट पृष्ठभाग आहे, याची आठवण देतो. हा ताण कलावंताने वापरला तर रचना जिवंत होते. पुष्कळदा तो टाळला जातो आणि भूमिती रिकामी जागा भरण्यापुरती उरते. मंडलाला केंद्र असते, दिशा असतात. खांद्यावर अर्धवट कापलेल्या मंडलात केंद्रच हरवले, तर उरते ती केवळ नक्षी.

याची कसोटी आपल्याकडच्या गोंदणातही सापडते. आजीच्या हनुवटीवरचे ठिपके किंवा हातावरची तुळस पाहा. तेथे ठिपका ही सजावट नव्हती, तोच आशय होता. शिवाय दोन ठिपक्यांमध्ये मोकळी त्वचा असे. वर्षांगणिक शाई पसरते, रेषा जाड होते. तरीही गोंदण वाचता येते. दाट, केसासारख्या रेषांच्या जाळीला वय तितके सोसत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारावा: भूमिती पुसली तर चित्राचे काही बिघडते का? ठिपक्यांच्या दाटीतूनच चेहऱ्याची सावली आणि त्याच ठिपक्यांच्या शिस्तीतून भोवतालचे वर्तुळ उभे राहते, तेव्हा उत्तर 'हो' असते. हात वळला की वर्तुळ लांबट होणार, हेही अशा रचनेत आधीच गृहीत धरलेले असते. बाकीच्या ठिकाणी शैली उसनी घेतली जाते आणि ती ज्या कोठडीतून आली तिची आठवण मागे राहते. कागदावरची चूक फाडून टाकता येते. ही चूक माणसाला जन्मभर अंगावर वागवावी लागते. तेवढ्यासाठी तरी समीक्षेने इकडे लक्ष द्यायला हवे.