माहिती आहे, भान नाही

‘टू द बोन’ या मार्टी नॉक्सन दिग्दर्शित चित्रपटात (२०१७) वीस वर्षांची एलन समोरच्या ताटातल्या एकेका पदार्थाच्या कॅलरी धडाधड सांगते. सावत्र बहिणीला गंमत वाटते, आपल्यालाही हसू येतं. एलनला ॲनोरेक्सिया आहे. उपाशी राहून स्वतःला झिजवत नेणारा मानसिक आजार. दंड बोटांच्या कडीत मावतो का, हे ती पुन्हापुन्हा तपासते. व्यायामाने पाठीवर काळेनिळे डाग पडलेत. तरी तिचं म्हणणं एकच, सगळं माझ्या ताब्यात आहे.

चित्रपटातली ही सर्वांत खरी गोष्ट. एलनकडे माहिती भरपूर आहे, भान नाही. चार्ल्स लासेग या फ्रेंच डॉक्टरने १८७३मध्ये या आजाराबद्दल लिहिलं, तेव्हाच नोंदवलं होतं की घरचे हवालदिल असतात आणि रुग्ण मात्र आहे त्यात समाधानी असते. ‘डीएसएम-५’ या अमेरिकन निदान-पुस्तिकेतही (२०१३) घटलेल्या वजनाचं गांभीर्य न जाणवणं, हे निदानाच्या निकषात धरलं आहे. घरच्यांना जो हट्ट वाटतो, तो आजाराचाच भाग असू शकतो.

(पुढे शेवट सांगितला आहे.)

इतकं नेमकं पकडलेला चित्रपट शेवटी घसरतो. एलनला स्वप्नासारखं काहीतरी दिसतं. ती स्वतः झाडावर, धडधाकट. खाली तिचाच हाडांचा सापळा झालेला देह. ती हादरते आणि उपचारांना परतते. दृश्य सुंदर आहे, पण फार सोयीचं. बटण दाबल्यावर दिवा लागावा, तसं भान येत नाही. डॉक्टरांसमोर पटलेलं ताटासमोर निसटतं. शिवाय नुसतं पटून भागत नाही. बुलिमियात, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग ते उलटी करून काढून टाकण्याच्या आजारात, अनेकांना आपलं काय चाललंय ते नीट कळत असतं. लाजेपोटी ते लपवतात, पण थांबवता येत नाही.

खरं तर त्याआधीच्या एका प्रसंगात चित्रपटाला वाट सापडली होती. आई एलनला तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन बाटलीने पाजते. बघताना अवघडायला होतं. पण इथे ‘मी आजारी आहे’ असं तिच्याकडून कुणी कबूल करून घेत नाही. आधी पोटात चार घोट जातात. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये आकाराला आलेली, किशोरवयीन रुग्णांसाठीची उपचारपद्धतीही काहीशी अशीच चालते. मुलीला पटेपर्यंत न थांबता आईवडील तिच्या जेवणाची जबाबदारी घेतात. शरीर सावरू लागल्यावर विचारही हळूहळू सुटे होतात.

म्हणून चित्रपट जरूर पाहा, पण झाडाखालच्या त्या देहावर फार विसंबू नका. आपल्या ओळखीतलं कुणी असं झिजत असेल, तर तिला स्वतःला कळेल तेव्हा बघू, असं म्हणत बसण्याइतका वेळ बहुतेक वेळा हाताशी नसतो.