फ्लायवेला फेरफार कळतो का?

सातबाऱ्यावर नाव बदललं की गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदतात, कारणासकट: वारस, खरेदी, बक्षीस. डेटाबेसमधल्या टेबलांच्या रचनेतले बदल नोंदवणारं फ्लायवे इथेच तोकडं वाटतं. त्याच्या इतिहासाच्या टेबलात व्हर्जन, तारीख, चेकसम सगळं असतं. पण चेकसम तपासतो फाइल, टेबल नव्हे. कुणी परस्पर 'ऑल्टर टेबल' चालवलं तर तिथे काही उमटत नाही. मीच घाईत 'खोली_फूट' कॉलमचं नाव 'खोली_मीटर' केलं; जुने आकडे फुटांतच राहिले. आलेखात भाट्याची खाडी एका रात्रीत उथळ झाली, आणि मी गाळ शोधत बसलो! फ्लायवे अजून वापरतोच. फक्त आता प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कारण लिहितो, आणि थेट ऑल्टरची परवानगी स्वतःकडूनच काढून घेतलीय.