टाळ्या कुणासाठी? वेब-लॉगच्या अहवालांची एक समीक्षा

(मोहोळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं. आज मी वेगळ्याच लिखाणाची समीक्षा करणार आहे. वेबसाइटला किती जणांनी भेट दिली, हे सांगणारे जे अहवाल असतात ना, त्यांची. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘एकूण दर्शक’ असा आकडा आपण बघतो. तसला आकडा येतो कुठून, आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा?

निमित्त सांगतो. आपल्या भागातल्या एका वाचनालयाने जुने अंक स्कॅन करून साइटवर टाकले. वार्षिक सभेत भेटींचा मोठा आकडा वाचला गेला, टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रोग्रॅमने मोजलं, तर आकडा एकदम खाली. लगेच प्रश्न आला : कुणी वाचत नसेल तर सर्व्हरचं भाडं कशाला भरायचं? मग मला बोलावलं, आणि मी मूळ लॉग उघडला.

लॉग म्हणजे काय? सावळेश्वरच्या टोलनाक्यावरची नोंद समजा. डेबियन किंवा उबुंटू असेल तर ही वही ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात, अपाची किंवा एनजिनएक्सच्या नावाखाली सापडते. एक मागणी, एक ओळ. आयपी पत्ता, वेळ, कुठलं पान मागितलं, २०० म्हणजे मिळालं की ४०४ म्हणजे सापडलं नाही, किती बाइट गेले, कुठल्या दुव्यावरून आला, कुठला ब्राउझर. बस. माणसाचं नाव त्यात नाही. नाक्यावरून एसटी गेली तरी एकच गाडी, आत ५० माणसं असोत की ५. पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

आता पहिला प्रोग्रॅम, गोअॅक्सेस. खेरार्दो ओरेयाना यांनी सी भाषेत लिहिला, २०१० पासून आहे. मांडणी सुटसुटीत : एक कमांड, लॉगचा प्रकार ‘कम्बाइन्ड’ सांगायचा, की टर्मिनलवर तक्ते हजर. शिकणाऱ्याने इथून सुरुवात करावी. पण त्याची ‘वाचक’ची व्याख्या बघा : तोच आयपी, तीच तारीख, तोच ब्राउझर, तर एक वाचक. म्हणजे महिनाभर रोज येणारा एक माणूस तीस वेळा मोजला जातो. शिवाय बॉट वगळायचा पर्याय आपण स्वतः लावावा लागतो. वाचनालयात तो लावलाच नव्हता. पहिल्या वर्षीच्या टाळ्यांतल्या बऱ्याचशा सर्च इंजिनच्या यंत्रांना पडल्या!

दुसरा, एडब्ल्यूस्टॅट्स. लोराँ देस्तायर यांचा, पर्ल भाषेतला, २००० सालचा. हा बॉट ओळखून बाजूला काढतो, आणि वाचक धरतो महिन्याला, नुसत्या आयपीवरून. म्हणून आकडा खाली आला. वाचक पळाले नव्हते, फूटपट्टी बदलली होती. याचा मोठा गुण म्हणजे जुन्या महिन्यांचा हिशोब तो स्वतःकडे जपतो. दोष असा की त्याची बॉटची यादी त्याच्या आवृत्तीइतकीच ताजी. ब्राउझरचं सोंग घेतलेला नवा बॉट सरळ माणसांत जाऊन बसतो. ‘कुठले शब्द शोधून लोक आले’ हा तक्ताही आता रिकामाच, कारण २०११ ते २०१३ या काळात गूगलने शोधशब्द पुढे पाठवणं बंद केलं.

दोघांचा समान दोष आपल्याला जास्त बोचणारा आहे. आपल्याकडे वाचक मोबाइलवर. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपीमागे उभं करतात. २०२३ पासून, क्रोमच्या ११०व्या आवृत्तीपासून, अँड्रॉइडवरचा क्रोम खरं मॉडेल सांगत नाही; सगळेच ‘अँड्रॉइड १०, के’. म्हणजे दहा फोन एक वाचक ठरू शकतात, आणि एकाच फोनचा आयपी बदलला की तो दोन वाचक होतो. एसटीचं उदाहरण दिलं ते याचसाठी.

बसवताना होणाऱ्या दोन चुका. एक, वेळ. सर्व्हर यूटीसीवर असला तर मोहोळात रात्री ८ ला उघडलेलं पान दुपारी अडीचला नोंदतं आणि तारीख पहाटे साडेपाचला बदलते. मग तुम्ही म्हणणार, लोक दुपारीच वाचतात! दुसरी, लॉगरोटेट. उबुंटूत एनजिनएक्सचा लॉग मूळ सेटिंगप्रमाणे रोज फिरतो आणि १४च ठेवले जातात. फिरण्याआधी एडब्ल्यूस्टॅट्सचं अपडेट चाललं नाही, तर शेवटच्या ओळी हिशोबातून निसटतात. सर्ट-इनने तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय. १४ कुठे, १८० कुठे!

मग मी काय केलं? दोन्ही अहवाल बाजूला ठेवले आणि लॉगच वाचला. ढीगभर ओळी वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणाऱ्या. साइटवर वर्डप्रेस नाहीच, म्हणून सगळ्या ४०४. मग फक्त अंकांच्या पीडीएफ घेतल्या. पीडीएफ तुकड्यातुकड्याने उतरते, प्रत्येक तुकड्याची २०६ची वेगळी ओळ पडते. त्या एकत्र केल्या. उरल्या त्या थोड्या भेटी. पण त्यात एका बैठकीत एकामागून एक अंक उघडणारे होते, तासतासभर.

सभेत मी तेवढंच सांगितलं. माणसं किती, ते या वहीतून निघत नाही. कुणीतरी मन लावून वाचतंय, एवढं निघतं. टाळ्या पडल्या नाहीत, पण भाडं भरायचं ठरलं.

म्हणून माझं मत असं : दोन्ही प्रोग्रॅम वापरा, दोन्ही चांगले आहेत. पण आकडा सांगताना शेजारी त्याची व्याख्या सांगा. ‘दर्शक’ म्हणजे नेमका कोण, एवढं ज्या अहवालात लिहिलेलं नाही, त्यावर ठराव करू नका.

आता प्रश्न विचारा.