'स्त्री' ह्या शब्दाचा शासकीय अर्थ

शासनाच्या धोरणांमुळे स्त्री-पुरुष समता किती आली, ह्याची मोजदाद आपल्याकडे अधूनमधून होत असते. किती स्त्रिया नोकरीत आल्या, किती सरपंच झाल्या, किती मुली शाळेत टिकल्या, असे आकडे पुढे ठेवले जातात आणि त्यांवरून समाधान किंवा असमाधान व्यक्त होते. ह्या सगळ्या मोजदादीत 'स्त्री' ह्या शब्दाचा अर्थ मात्र सर्वांनी गृहीत धरलेला असतो. मी भाषा शिकविते. गृहीत धरलेल्या शब्दाविषयी मला नेहमी शंका येते, म्हणून ह्या एका शब्दापासूनच सुरुवात करते.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत स्त्रियांना 30 टक्के आरक्षण आहे. ते समांतर आरक्षण होय. म्हणजे जातींच्या प्रत्येक रकान्याला ते आडवे छेदून जाते. त्यामुळे भरतीच्या जाहिरातीत 'अनुसूचित जाती : महिला' असा एक रकाना असतो आणि 'खुला : महिला' असा दुसरा. खुला म्हणजे ज्याचे दार कोणालाही उघडे आहे तो, हे शाळकरी पोरालाही कळते. पण 2014 च्या शासन परिपत्रकानंतर जो व्यवहार राज्यात रूढ झाला, त्यात 'खुला : महिला' ह्या जागेवर मागासवर्गीय स्त्रीची निवड होईनाशी झाली. निवड झालेल्या खुल्या प्रवर्गातील स्त्रीपेक्षा तिचे गुण अधिक असले तरीही! खुल्या सर्वसाधारण जागेवर गुणांच्या बळावर मागासवर्गीय उमेदवार जाऊ शकत होता. खुल्या महिलांच्या जागेवर तेवढे जाता येत नव्हते.

त्या काळात माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "मॅडम, मी खुल्यात नाही हे समजलं. पण मग मी महिलाही नाही का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 साली हा अर्थ नाकारला. पुढे उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2020 रोजी निकाल दिला, की खुला प्रवर्ग हा कोणा एका समूहाचा राखीव कोटा नव्हे. स्त्रियांसाठी असलेल्या खुल्या जागेवर गुणवत्तेने कोणत्याही जातीची स्त्री जाऊ शकते. म्हणजे दलित स्त्री ही स्त्री आहे, एवढे ठरविण्यासाठी ह्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

ही कोणा कारकुनाची चूक होती, असे मानून हा विषय सोडून देता येणार नाही. शासनाच्या लेखी 'दलित' म्हटला की तो पुरुष असतो आणि 'स्त्री' म्हटली की ती सवर्ण असते. जी दोन्ही आहे तिच्यासाठी एक अरुंद रकाना आखला, की कर्तव्य संपले! आपल्या स्त्रियांनी मात्र स्वतःचे असे तुकडे कधी पाडले नव्हते. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क होता, बहुपत्नीत्वाला विरोध होता आणि त्यांच्याच जोडीला गिरणीतल्या बायांच्या रजेची मागणी होती. घर आणि गिरणी अशी दोन खाती त्यांनी केली नाहीत. बाबासाहेबांनीही 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली आणि 1951 साली हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले.

त्या बिलातून पुढे आलेला वारसा कायदा 1956 साली झाला. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने सहहिस्सेदार केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या बापाचेच नाव सातबाऱ्यावर नाही, त्याच्या लेकीचे नाव तलाठ्याने कोठे चढवायचे? भूमिहीनाच्या घरात मुलाच्या वाट्याला शून्य येते आणि मुलीच्याही. कायद्याच्या दृष्टीने ही समताच झाली.

ह्याउलट ज्या योजनेच्या नावात 'महिला' हा शब्दही नव्हता तिने काय केले ते पाहा. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना सुरू झाली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. माझ्या आईने नव्वदच्या दशकात हमीवर खडी फोडली आहे. बागायतदाराच्या शेतावर तिला बाप्याच्या निम्मी मजुरी मिळे, तीही मागायला वाड्याच्या दारात उभे राहावे लागे. हमीवर माप होते. ब्रास बाईने भरला की बाप्याने, हे माप घेणारा विचारीत नसे. तिथेही मजुरी उशिरा मिळे, पाळणाघर कागदावरच असे आणि माझा धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीतच वाढला. पण हजेरीपटावर तिचे स्वतःचे नाव होते आणि पैसे तिच्या हातात पडत. घरात काय शिजवायचे ह्यापलीकडचा पहिला निर्णय तिने त्या पैशांवर घेतला. तो मला शाळेत ठेवण्याचा होता.

(ह्या योजनेसाठी 1975 साली राज्यात व्यवसाय कर आला. तो अजूनही आम्हा नोकरदारांच्या पगारातून कापला जातो. 2023 साली महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ झाला. सवलत चांगलीच आहे. मला त्या निमित्ताने खडी आठवली, इतकेच.)

2024 साली 'लाडकी बहीण' आली. महिना 1500 रुपये थेट बाईच्या खात्यात जाऊ लागले. ह्या पैशांना नावे ठेवणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी असतात, त्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. गावातल्या एकट्या बाईला त्या रकमेने आधार दिला आहे. आक्षेप आहे तो नात्याला. हमीवरच्या बाईने काम मागितले तर ते देणे शासनाला बंधनकारक होते, कारण तो तिचा कायदेशीर हक्क होता. बहिणीला मात्र भाऊ ओवाळणी घालतो, आणि किती घालायची, कोणत्या बहिणीला घालायची हे तोच ठरवितो. ह्या योजनेत एका कुटुंबातील एकाच अविवाहित मुलीला पात्र धरले गेले, दुसरीला नाही. मजुरीचा हिशेब मागता येतो, ओवाळणीचा मागता येत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. नोकरीतील अनुशेषाची मागणी आपल्या मोर्च्यांत पहिल्या क्रमांकावर असते. 'खुला : महिला' हा प्रश्न मात्र आपण 'महिला आघाडीने बघावे' म्हणून बाजूला ठेवला. म्हणजे शासनाने आखलेला रकाना आपणही मान्य केला! 2014 पासून न्यायालयांचे निकाल येईपर्यंतच्या भरत्यांत, अधिक गुण असूनही ज्या मागासवर्गीय मुली ह्या जागांवरून डावलल्या गेल्या, त्यांची खातेवार यादी करणे अवघड नाही. गुणांच्या याद्या शासनाच्याच कपाटात आहेत. ती यादी जाहीर करावी, ही मागणी आपल्या संघटनांनी पुढच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घालावी. माझ्या विद्यार्थिनीने स्वतःचा बैठक क्रमांक अजून जपून ठेवला आहे.